अडतीस सेंट

एर्सिलिओचं दुकान मी एका पट्टीत बसवलं.
सातशे अठ्ठावीस रुंद, नव्वद उंच.
अकॉर्डियन मावेना.
भाता उघडा ठेवला तर कडेची बटणं कापली जात,
मिटला तर ती नुसती पेटी दिसे,
आत सूर आहे हे कुणाला कळणार?
शेवटी अर्धवट मिटलेला ठेवला,
श्वास घ्यायला थांबलेल्या माणसासारखा.
शेजारी लिहिलं: दुरुस्ती. कास्तेलफिदार्दो. १९५८ पासून.
आणि एक नारिंगी बटण, जे त्याला अजिबात आवडलं नाही.

मी आंकोनात बसते, तिसऱ्या मजल्यावर,
आणि उंटावरून शेळ्या हाकते:
दंतवैद्याची, गाद्यांची, एका बोटीच्या रंगाची.
एर्सिलिओचं खातं सगळ्यांत लहान.
दिवसाला चार युरो, टिचकीला अडतीस सेंट,
म्हणजे दहा टिचक्या, आणि वर वीस सेंट
जे कशालाच पुरत नाहीत.

पहिल्या महिन्यात पट्टी एक्केचाळीस हजार वेळा दिसली.
दिसली म्हणजे तिथे होती.
लोक तिच्यावरून बातमीकडे गेले, हवामानाकडे गेले,
जसे आपण दारातल्या पायपुसण्यावरून जातो.
एर्सिलिओला आकडा सांगितला तर तो म्हणाला,
एक्केचाळीस हजार? आमच्या गावात एवढी माणसं नाहीत.
मग विचारलं, टिचकी मारणारा आत येतो का?
म्हटलं, दारापर्यंत येतो.
आणि पैसे मी द्यायचे?
हो.
तो बराच वेळ हसला. फोनमधून मेणाचा वास आला म्हणते,
तर खोटं ठरेल, पण आला.

नोव्हेंबरपासून एक टिचकी रोजची झाली.
कोमोदोरो रिवादाविया, आर्जेंटिना.
आपल्याकडे रात्रीचे अकरा दहा, तिथे संध्याकाळ.
तीन सेकंद. पान खाली सरकत नाही, चौकशी नाही, फोन नाही.
मी म्हटलं, गळती आहे, तो देश बंद करते.
त्याच्या आत्याचं कुटुंब त्या बाजूला गेलं होतं,
तेलाच्या विहिरींवर, एक वाद्य घेऊन.
पण ते त्याने नंतर सांगितलं, जाता जाता.
तेव्हा एवढंच म्हणाला: राहू दे.

हे यंत्र असणार, मी समजावलं.
माणूस इतका वेळ पाळत नाही.
तर म्हणाला, माझे वडील सहा चाळीसला दुकान उघडायचे,
त्रेपन्न वर्षं.
मग ते कोण होते?

रोजचा अहवाल त्याला आपोआप जातो.
तो वहीत रेघ मारतो, पेन्सिलीने,
ज्या वहीत गिऱ्हाइकांच्या तुटलेल्या स्वरपट्ट्यांची नोंद आहे.
काल सकाळी फोन: रात्री तो आला नाही.
बरं नसेल का?
मी पाहिलं. गावात स्पर्धा होती,
पाहुण्यांनी दुपारी दोनलाच दहाच्या दहा टिचक्या संपवल्या,
आणि चार युरो संपले की पट्टी कुठेच दिसत नाही.
तो आला असेल. दारच नव्हतं.

हे मी एर्सिलिओला सांगितलं नाही.
म्हटलं, वाऱ्यामुळे तिकडे तारा तुटतात.

मग ऑफिस रिकामं झाल्यावर
एक नवी मोहीम उघडली.
एकच गाव. अकरा ते सव्वाअकरा.
बजेट अडतीस सेंट, माझ्या कार्डावर.
चौकटीने लाल अक्षरांत विचारलं:
एवढ्या लहान मोहिमेचा उद्देश काय?
विक्री, भेटी, ओळख, यांपैकी निवडा.
मी ओळख निवडलं,
कारण पुढे जायला काहीतरी निवडावंच लागतं.

आता साडेआठ वाजलेत.
अहवाल आला असेल, माझ्याकडेही, त्याच्याकडेही.
कॉफी गार होतेय.
फोन वाजलेला नाही,
आणि यावरून काहीच कळत नाही.